नऊ आटे

हाडं जोडायचे स्क्रू बनवणाऱ्या कारखान्यात तो तपासनीस होता, आणि सगळे त्याला ‘खुसपट्या’ म्हणत. तोंडावरच म्हणत; पाठीमागे म्हणायला हा भिंगासमोरून उठेल तर ना! सत्तावीस वर्षं एकच काम. स्क्रू उचलायचा, आटे मोजायचे. टोकाला नऊ आटे, वरची दांडी गुळगुळीत. आटे पलीकडच्या तुकड्यात रुततात, डोकं अलीकडचा तुकडा दाबून धरतं, आणि दोन्ही तुकडे घट्ट भिडतात. आटे जास्त झाले तर दोन्हीकडे अडकतात आणि मधली फट तशीच राहते. मग हाड जुळतंय कसलं, डोंबल!

मेव्हणा, म्हणजे बायकोचा भाऊ, तिथंच लेथवर होता. त्याचा अख्खा दिवसाचा माल यानं एका आट्यापायी भंगारात घातला. मेव्हण्याची नोकरी गेली. बहीण-भावाचं बोलणं तुटलं ते तुटलंच. "नियम म्हणजे नियम," हा म्हणाला.

निवृत्ती तोंडावर आली तेव्हा साहेबांनी एक ट्रे पुढे सरकवला. बारा आट्यांचा. "दोन वर्षं वाढवून हवीत ना? मग एकदा डोळेझाक करा. कोण मोजत बसतंय?"

त्यानं सही केली. आयुष्यात एकदाच.

पुढच्याच महिन्यात बायको जिन्यावरून पडली, घोटा मोडला. डॉक्टर बाहेरचे स्क्रू सुचवत होते. हा पठ्ठ्या छाती काढून म्हणाला, "आमच्याच कारखान्याचे बसवा. एकेक माझ्या नजरेखालून गेलाय!" ट्रेची आठवणसुद्धा झाली नाही बघा त्याला. ताठा, दुसरं काय!

चार महिने झाले तरी तिला पाय टेकवेना. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर लावला. खुसपट्या सवयीनं पुढे झाला आणि बोट ठेवून मोजू लागला. नऊ झाले. दहा. अकरा. बारा. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"माझंच मेलं हाड कच्चं," बायको म्हणाली. "यांच्या स्क्रूला काय धाड भरलीय?"

"पुन्हा ऑपरेशन करावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याकडचेच मागवू ना?"

"नको."

"अहो, का?" बायकोनं विचारलं.

त्यानं सांगितलं. ट्रे, सही, दोन वर्षं, सगळं. मान वर न करता सांगितलं.

मग त्यानं पुढे केलेला हात बाजूला सारून तिनं स्वतःच कुबड्या ओढून घेतल्या.

"आणि माझ्या भावाला मात्र एका आट्यासाठी घरी बसवलंत," ती म्हणाली.