काकूंच्या मायेचा ट्रे

काकूंचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांची पोरं सांभाळण्यात गेलं. त्या पाळणाघरात होत्या तोवर थंडीत एकही पोर टोपडं घातल्याशिवाय त्यांच्या हातून सुटलं नाही. पुढे पाळणाघर बंद पडलं आणि त्या गव्हाच्या संशोधन केंद्रात रोपांना पाणी घालायला लागल्या. "पोरांच्या जागी रोपं, एवढंच. आणि ही रडत नाहीत," असं त्या घरी सांगत. पण हाताची सवय थोडीच सुटते!

केंद्रातलं काम होतं थंडीचं. गहू उबदार काचघरात उगवायचा आणि रोपं बोटभर झाली की थंड खोलीत न्यायची. तिथे पाणी गोठत नसे, पण पाणी घालणाऱ्याची बोटं बधिर होत. काही आठवडे तिथे मुरली की रोपं पेटीत घालून खरोखर गोठवायची आणि कोण तगतं ते बघायचं.

हे कशासाठी, ते ताईंनी एकदा समजावलं होतं. ताई म्हणजे तिथल्या संशोधक, वयाने काकूंच्या लेकीएवढ्या.

"काकू, गव्हात जनुकं असतात. काय करायचं याच्या सूचनाच त्या. थंडी लागली की त्यातली एक-दोन मुख्य जनुकं आधी जागी होतात आणि बाकीच्यांना उठवतात. साखर साठवा, वाढ थांबवा, गोठायची तयारी करा!"

"म्हणजे घरातली थोरली सून. आधी आपण उठायचं, मग सगळ्यांना उठवायचं."

ताई हसल्या. "अगदी तसंच समजा."

त्या वर्षी ताईंचा सगळा जीव एका ट्रेमध्ये होता. चिवट पण कमी दाण्याचा एक गहू आणि भरघोस पण नाजूक असा दुसरा, यांच्या संकरातून वर्षानुवर्षं निवडत आणलेलं ते बी. राखून ठेवलेल्या बियाला कीड लागली होती. जे काय उरलं ते याच ट्रेमध्ये पेरलेलं.

मध्येच ताईंना कामासाठी परगावी जावं लागलं. काकू रोज थंड खोलीत जात तेव्हा त्या ट्रेकडे बघवत नसे. रोपं मातीला चिकटून बसलेली, पानं काळपट. शेवटी त्यांना राहवेना. त्यांनी ट्रे उचलला आणि काचघरात उन्हात नेऊन ठेवला. काही दिवसांत रोपांनी माना वर काढल्या. काकूंना बरं वाटलं. ताई यायच्या आत ट्रे पुन्हा जागेवर गेला. हे कुणाला सांगायला हवं, असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. पोर कुशीत घेतलं म्हणून कुणी सांगत फिरतं का?

ताई आल्या, ट्रे पेटीत गेले. बाहेर आले तेव्हा बाकीचे ठीक होते. हा एकटा उकडलेल्या पालेभाजीसारखा लोळागोळा.

"काकू, हा थंड खोलीतच होता ना?"

"होता की. मधले काही दिवस तेवढा उन्हात नेला होता. किती गारठली होती हो बिचारी!"

ताईंनी एक लिबलिबीत पान बोटांवर उचलून घेतलं. मग म्हणाल्या, "ऊब लागली की त्यांना वाटतं, थंडी संपली. केलेली सगळी तयारी मोडतात."

काकूंच्या डोक्यात लख्ख उजाडलं. "म्हणजे मी त्यांची स्वेटरं काढून घेतली आणि मग बाहेर बर्फात उभं केलं."

थंड खोलीची यंत्रं बघणारा मिस्त्री दारात उभा होता. "काकू, उद्या माझ्या कॉम्प्रेसरलाही शाल पांघराल!" एरवी काकूंनी त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी त्यांनी मान वर केली नाही.

पण गोठवलेल्या गव्हाला लगेच मेला म्हणायचं नाही, अशी तिथली रीत होती. करपलेली पानं कापायची, ट्रे उबेत ठेवायचा आणि वाट बघायची. गव्हाचा जीव पानांत नसतो, मातीलगतच्या बुडख्यात असतो. काकूंनी त्या ट्रेची पानं स्वतः कापली.

संध्याकाळी त्या देवापुढे बसल्या, पण मागणं तोंडातून निघेना. आपण मोडायचं आणि त्याने जोडायचं, हे त्यांना पटेना. "ताईंना धीर दे," एवढंच म्हणून उठल्या.

बाकीचे ट्रे हिरवे झाले. हा तसाच. ताई एका शब्दाने रागावल्या नाहीत, आणि काकूंना तेच जड जात होतं. त्या रोज बेताचं पाणी घालत, वाकून बघत आणि पुढच्या ट्रेकडे वळत.

एका सकाळी कोपऱ्यातल्या बुडख्यातून सुईच्या टोकासारखं काहीतरी वर आलेलं दिसलं. काकूंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. शेजारी आणखी एक, पलीकडे आणखी.

"ताई! अहो ताई, या आधी!"

ताई धावत आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि बघतच राहिल्या. बहुतेक रोपं गेली होती. पण जगलेल्यांपासून बी धरता आलं असतं, वंश बुडाला नव्हता.

"बाकीची उबेत निवांत झाली," ताई हळूच म्हणाल्या. "ही झाली नाहीत. शेतातही मध्येच ऊन पडतं, पुन्हा कडाका येतो आणि गहू तिथेच फसतो. यांची थोरली सून कदाचित फसली नाही. किंवा नुसतं नशीब असेल. पुन्हा करून बघितल्याशिवाय कळायचं नाही."

पुढच्या हंगामात त्या जगलेल्या रोपांच्या बियाचे दोन ट्रे भरले. एकावर काहीच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्यावर ताईंनी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'माया'.

"हा थंड खोलीतच राहील. आणि हा मध्ये काही दिवस उन्हात न्यायचा. ते काम तुमचं, काकू."

"नको बाई! एकदा केलं तेवढं पुरे."

"न्या हो काकू," मिस्त्री म्हणाला, "आता तुमची माया सरकारी कामात धरली!"

"तू गप. तुझ्या कॉम्प्रेसरची शाल विणायला घेतलीय मी," काकू म्हणाल्या. बऱ्याच महिन्यांनी त्यांना असं उत्तर सुचलं होतं.

ठरल्या दिवशी त्यांनी मनात देवाचं नाव घेतलं, ट्रे उचलला आणि काचघरातल्या उन्हात ठेवला. मग इकडेतिकडे बघून रोपांपाशी वाकल्या आणि पाळणाघरातल्या जुन्या आवाजात दम दिला, "हे बघा, ऊन खायचं. पण स्वेटर काढायचं नाही."