रंगनाथ गुरुजी आणि ‘आइन’चं घर

दिंडोरीच्या पुढे, चहूबाजूंनी द्राक्षबागा असलेल्या एका गावात रंगनाथ गुरुजी पहिलीचा वर्ग सांभाळत. नवं पोर रडायला लागलं की गुरुजी त्याच्या शेजारी मांडी घालून त्याच्याहून मोठ्यानं रडत. पोर घाबरून गप्प होई. गळ्यात तुळशीची माळ, मराठीचं व्याकरण पक्कं. इंग्रजीशी त्यांचा संबंध मॅट्रिकनंतर संपला होता आणि त्याचं दुःख दोघांनाही नव्हतं.

दोन हजार सालच्या जूनमध्ये मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. गुरुजी धास्तावून नाशिकला प्रशिक्षणाला गेले आणि परतले ते नवरदेवासारखे खुशीत. तिथं त्यांना शब्दांची कुटुंबं भेटली होती. शेपूट तेच ठेवायचं, पहिलं अक्षर बदलायचं, की नवा शब्द तयार!

‘आइन’ कुटुंबाच्या घराचं म्हणून त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्याचं मोठं दार केलं आणि त्यावर ‘आय-एन-ई’ अशी पाटी लावली. मुलांच्या गळ्यात एकेक अक्षर अडकवलं.

“हे बघा,” गुरुजी म्हणाले, “शेवटचा ई मुका. ओसरीवरच्या आजोबांसारखा नुसता बसून राहतो. पण त्याच्या धाकानं मधला आय ‘इ’ असं तोंडातल्या तोंडात बोलत नाही. आपलं अख्खं नाव सांगतो, आय! म्हणून पिनचं होतं पाइन.”

एन दारातून आत गेला, सगळे ओरडले, “नाइन!” एल गेला, “लाइन!” एफ गेला, “फाइन!” मग व्ही गळ्यात घातलेला दीपक आणि डब्ल्यू घातलेली हर्षाली एकदमच दारात शिरले. दोघंही ओरडले, “वाइन!”

“गुरुजी, हिनं माझं नाव घेतलं!”

“मी आधी बोलले!”

गुरुजींनी समजावलं, की दीपकचा वाइन म्हणजे द्राक्षाचा वेल, हर्षालीची वाइन म्हणजे द्राक्षाची दारू. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, डब्ल्यूला ओठांचा चंबू करायचा.

“टेकव दात,” ते दीपकला म्हणाले.

दीपकनं तोंड उघडलं. पुढचे दात पडलेले होते. गुरुजींनी वर्गभर तोंडं तपासली. सहा वर्षांची पोरं ती, निम्म्यांच्या तोंडाला खिडक्या! त्या दिवशी व्ही तसाच राहिला.

हर्षाली मात्र घरी जाऊन चंबू करून सांगू लागली, “आजी, मी शाळेत वाइन झाले!”

तिची आजी लंकाबाई. गावातला दारूचा गुत्ता तिनं बायका गोळा करून बंद पाडला होता. दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपून मुलं गळ्यात अक्षरं घालून पुन्हा ‘आइन’च्या घरात उभी राहतात, तोच ती पाच-सात बायकांसह शाळेच्या पायरीवर हजर.

“गुरुजी, गळ्यात माळ अन् पोरींला दारू शिकवता व्हय?”

“लंकाबाई, वेलालाही वाइनच म्हणतात. उच्चार तेवढा वेगळा.”

“करून दाखवा.”

गुरुजींनी दात ओठावर टेकवून एक वाइन म्हटली, चंबू करून दुसरी.

“दोन्ही येकच हायेत,” बायका म्हणाल्या.

“तुम्ही म्हणून बघा.”

लंकाबाईनं प्रयत्न केला. पण तिचेही पुढचे दात केव्हाच गेले होते. कितीही जोर लावला तरी तोंडातून दारूच बाहेर पडे. मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या, तशी ती भडकली.

“ते काय नाय. ती दारूवाली घराभायेर काढा. आत्ताच्या आत्ता!”

गुरुजी नाइलाजानं म्हणाले, “हर्षाली, तू जरा बाहेर ये बाळा.”

हर्षाली पुठ्ठ्याच्या दाराबाहेर आली. आत नाइन, लाइन, फाइन हात धरून उभे. वेल झालेला दीपक तर जीभ काढून वेडावत होता. तिनं असा काही टाहो फोडला की दुसऱ्या खोलीतले चौथीचे गुरुजी धावत आले. रंगनाथ गुरुजी आपल्या नेहमीच्या उपायानं तिच्याशेजारी बसून रडले. ती गप्प व्हायचं नाव घेईना. तिच्या गळ्यात पी अडकवून “तू पाइन हो” म्हटलं, तर तिनं विचारलं, “पाइन म्हंजी काय?” गुरुजींनी झाड म्हणून सांगितलं. “आपल्याकडं हाय का?” नाही म्हटल्यावर रडणं आणखी वाढलं.

लंकाबाई अस्वस्थ झाली. तिनं इकडंतिकडं पाहिलं, बायकांकडं पाठ केली आणि गुरुजींना हळूच म्हणाली, “घ्या वो तिला आत.”

“पण ती दारू आहे, लंकाबाई.”

“आसंना. कोणच्या भावकीत येखादा पिणारा नसतो? त्याला काय जातीभायेर टाकतो का आपण? फक्त तिला मधी नका उभी करू. कडंला ऱ्हाऊ द्या.”

हर्षाली नाक पुसत आत गेली आणि सरळ मधोमध उभी राहिली. लंकाबाई बायकांना घेऊन पायरी उतरली.

जानेवारीत विस्तार अधिकारी शाळा तपासायला आले. त्यांनी पहिल्याच बाकावरच्या हर्षालीला प्रेमानं विचारलं, “व्हॉट इज युअर नेम?”

तिनं ओठांचा सुरेख चंबू केला.