सोन्याचं वर्ष भरू न देण्याची युक्ती

रमजानात दुपारी चारच्या सुमाराला माझ्या अंगात काही उरत नाही. पूर्वी रोजा धरून मी पालिकेच्या शाळेत सातवीच्या दोन-दोन तुकड्यांना त्रैराशिक शिकवायचे. आता नमाज झाल्यावर उठायचं म्हटलं तरी कपाटाचा कोपरा धरावा लागतो. अशाच एका दुपारी, नवरा गेल्यानंतरच्या दुसऱ्या रमजानात, माझे धाकटे दीर धायरीहून दोन बस बदलून आमच्या बिबवेवाडीच्या घरी आले. हातात पिशवी, पिशवीत वही. वही पाहूनच मी धास्तावले. का, ते कळायला आधी माझी हुशारी सांगावी लागेल.

माझ्याकडे लग्नातल्या चार पाटल्या. प्रत्येकी तीन तोळे, एकूण बारा. आमच्यात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त सोनं किंवा पैसा चांद्र वर्षभर हाताशी राहिला, तर त्याचा चाळिसावा भाग गरजूला द्यावा लागतो. हीच जकात. मनात आलं तर द्यावं असं ते दान नाही, ते देणं आहे. बारा तोळ्यांवर पाव तोळ्याहून जरा जास्त. चाळिशीतल्या त्या गणिताच्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, तेवढंही जड झालं. तिनं नियम नीट वाचला आणि तिला त्यात फट दिसली. वर्षभर हाताशी राहिलं तर ना? मग राहूच द्यायचं नाही. वर्ष भरायला महिनाभर असला की ती नवऱ्याला म्हणायची, या पाटल्या आजपासून तुमच्या. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, कबूल. त्यांचं वर्ष भरत आलं की ते परत करायचे आणि ती कबूल म्हणायची. सोनं कुणाकडेच वर्षभर टिकायचं नाही आणि जकात कुणालाच लागू व्हायची नाही. स्टाफरूममध्ये तिनं हे एका मैत्रिणीला असं सांगितलं होतं, जणू पायथागोरसचीच पुढची पायरी सापडलीय. त्या गणिताच्या बाईला आज कुठे गाठता आलं असतं, तर बाकावर उभी केली असती.

अठ्ठावीस वर्षं हे चाललं. मग नवरा गेला, आणि गेला तो नेमका पाटल्या त्याच्या असताना.

दिरांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. खोक्याएवढं. दर रमजानात ते दुकानातले पट्टे, सेल, काचा एकेक मोजून वहीत लिहितात आणि त्यावर जकात काढतात. मी त्यावर पूर्वी हसायचे. चष्मा पुसून त्यांनी वही उघडली, आणि मला वाटलं, आला हा वाटा मागायला. कारण हिशेब मी केव्हाच करून बसले होते. पाटल्या खरंच नवऱ्याच्या असतील, तर त्या वारसांत वाटल्या जाणार. मला आठवा भाग, दीड तोळा. एकुलत्या मुलीला निम्मे, सहा तोळे. उरलेले साडेचार या सख्ख्या भावाला.

त्यांनी मात्र वाटा मागितलाच नाही. ते म्हणाले की भाई एकदा दुकानात बसून हसत हसत सांगत होते, यंदा सोनं माझं आहे. तसं असेल तर त्यातले साडेचार तोळे गेल्या वर्षापासून माझे झाले, आणि मी त्यांची जकात दिलेली नाही. तुम्ही सोनं ठेवा, भाभी, मला नको, पण मी देणं लागतो की नाही तेवढं कळू दे, रात्री झोप लागत नाही. मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, नुसतं तोंडानं दिलं म्हणजे दिलं असं होत नाही, ताबा द्यावा लागतो.

"म्हणून एकच विचारतो, भाभी. कपाटाची किल्ली कुणाकडे असायची?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, आणि ते या प्रश्नाचं नव्हतंच. जाण्याआधी आठवडाभर तुमच्या भाईंनी पाटल्या मला परत केल्या, कबूल झालं होतं, एवढं म्हटलं की संपलं. वाटणी नाही, मागचं देणं नाही, बारा तोळे जसेच्या तसे. दिरांनी वहीतल्या ओळीवर काट मारली असती आणि मला दुआ देत बस पकडली असती. त्यांनी माझा शब्द कधी खाली पडू दिलेला नाही. पेन उघडून ते खाली मान घालून बसले होते. रोज्यानं ओठ सुकलेले. साडेचार तोळ्यांची जकात म्हणजे त्यांच्या दुकानाची महिनाभराची कमाई असावी. ती ते देणार होते, मी ज्या सोन्याची देत नव्हते त्याची.

"माझ्याकडे," मी म्हटलं. "अठ्ठावीस वर्षं माझ्याच कमरेला. त्यांना पाटल्या कुठल्या डब्यात असतात तेही माहीत नव्हतं."

त्यांनी वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मग माझ्यावर नाही."

"नाही. माझ्यावर आहे. सगळी."

त्यांनी वहीत काट मारली. थांबा, रोजा सोडून जा, म्हटलं, तर दुकान उघडं टाकून आलोय म्हणाले. चप्पल घालताना, माझ्याकडे न बघता, इतकंच बोलले, "भाभी, गणितात तुम्ही पहिल्यापासून पुढे."

हे त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

रविवारी विश्रांतवाडीहून मुलगी आली. तिच्यासमोर बसून ती अठ्ठावीस वर्षं आणि नवरा गेल्यानंतरचं एक, अशी मोजली. पहिल्या वर्षी बाराचा चाळिसावा भाग वजा, पुढच्या वर्षी उरलेल्याचा चाळिसावा, असं एकेक. सोनं कमी होत होत मर्यादेखाली येईल अशी मला आशा होती, पण बँकेत नेहमी थोडी शिल्लक असायची आणि तीही सोन्यात मिळवून मोजावी लागते, त्यामुळे ती सूटही नव्हती. मुलगी मोबाइलवर आकडे टाकत होती आणि उत्तर तेवढं वाचून दाखवत होती. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. निघाले सहा तोळे आणि वर थोडं. म्हणजे दोन पाटल्या, आणि वरच्या थोड्यासाठी माझं पेन्शन.

सराफानं विचारलं, मोडायच्या की बदलून काही करायचं? मोडायच्या, म्हटलं. मुलगी बाहेर जाऊन उभी राहिली.

पैसे कुणाकुणाला द्यायचे ती यादी करण्यातच पुढचे दोन महिने गेले. बारा घरं. एका घरात पाचवा मजला, लिफ्ट नाही. मी तिसऱ्या मजल्यावर जिन्यातच बसले आणि त्या बाईलाच खाली यावं लागलं. देणारी धापा टाकतेय आणि घेणारी तिला पाणी पाजतेय.

यंदा उरलेल्या दोन पाटल्यांची जकात मीच कागदावर काढली. चार मिनिटं लागली, त्यातली दोन चष्मा शोधण्यात.