अंघोळ झाली का? आणि आमच्या ऑफिसातले इतर शोध

काही ऑफिसांत फायली साठतात, काहींत कॉफीचे कप. आमच्याकडे किस्से साठतात. धंदाच तसा आहे. सिंगापुरात, तांजोंग पगारला एका जुन्या शॉपहाउसच्या वरच्या मजल्यावर आम्ही मूठभर माणसं बसतो आणि इंडोनेशियातली माणसं रोजच्या जगण्यात एकमेकांशी कशी वागतात, याचा मानसशास्त्रीय अभ्यास करतो. सरळ 'नाही' न म्हणता 'अजून नाही' कसं म्हणतात, राग आला तर तो कुठे ठेवतात, पाहुण्याला काय विचारतात, असलं सगळं. दुसऱ्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्याला स्वतः कसं वागावं हे कळत असेल, असा तुमचा समज असेल. माझाही होता!

जे अहवालात बसतं ते अहवालात जातं. जे बसत नाही, त्यात बहुतेक वेळा मी असते.

आमची बॉस ग्रेस, अस्सल सिंगापूरची. पोटात एक आणि ओठांत एक हा प्रकार नाही. जे पोटात तेच ओठांत, तेही मोठ्यानं आणि शेवटी इथला खास 'ला' लावून. दुसऱ्या रत्ना, मध्य जावातल्या. तिकडे वयानं मोठ्या बाईला 'बू' म्हणतात. मी त्यांना मनातल्या मनात रत्नाताईच म्हणते. या बाईंनी आयुष्यात कधी कुणाला दुखावलं असेल, असं वाटत नाही. आणि तिसरी मी. मृणाल, पुण्याची, मानसशास्त्रात एम. ए., राहणार वुडलँड्स.

*

नोकरी नवीन होती. सेमारांगच्या एका निवृत्त शिक्षिकेची मुलाखत मी व्हिडिओ कॉलवर घेत होते. वेळ संध्याकाळची. माझं इंडोनेशियन म्हणजे वुडलँड्स ते ऑफिस एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्यानं शिकलेलं. तरी बाईंचा प्रश्न मला शब्दन् शब्द कळला.

"अंघोळ झाली का?"

मी कॅमेऱ्यापासून जराशी मागे सरकले. "हो," म्हटलं. "सकाळीच."

"सकाळी?" बाईंचा चेहरा पडला.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका काकूंनी तेच विचारलं. मग मात्र मी हादरले. घरी आल्यावर नवऱ्याला विचारलं, "निखिल, स्क्रीनमधून वास जातो का रे?"

निखिल आयटीतला. गंभीरपणे म्हणाला, "आमच्या कंपनीत तरी ते फीचर नाहीये."

त्यानंतर मी मुलाखतीआधी तोंड धुऊन, केस ओले करून, पावडर लावून बसायला लागले. शेवटी रत्नाताईंना राहवलं नाही. म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे लोक दोनदा अंघोळ करतात. संध्याकाळी सहज विचारायचं असतं. तुमच्याकडे 'जेवलात का' विचारतात ना, तसं. माया असते ती."

केवढं ओझं उतरलं! दुसऱ्याच दिवशी एका सरकारी खात्याच्या बड्या साहेबांशी आमची पहिली मीटिंग होती. कॉल लागल्याबरोबर मी हसून विचारलं, "काय साहेब, अंघोळ झाली का?"

शेजारी रत्नाताईंनी डोळे मिटून घेतले.

कॉल संपल्यावर फार हळू आवाजात म्हणाल्या, "हे आपल्या माणसांना विचारतात."

*

इंडोनेशियात 'रबरी वेळ' म्हणून एक शब्द आहे. म्हणजे दहाची वेळ ताणली की अकरा होते. त्यावर मी बरंच वाचून ठेवलं होतं. इथेच सिंगापुरात, बेडोकला एका इंडोनेशियन बाईंच्या फ्लॅटवर मैत्रिणींचा गट जमणार होता, त्यांच्याशी गप्पा मारायला मला बोलावलं होतं. वेळ दहाची. मी मनात म्हटलं, आपण काही अडाणी नाही, आपला अभ्यास आहे! खाली हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, आरामात कॉफी प्यायले आणि अकराला बेल वाजवली.

आत सगळ्या बायका नटूनथटून ओळीनं बसलेल्या. बर्फाचं सरबत पाणी झालं होतं. केकला कुणी हात लावला नव्हता.

"खूप वेळ थांबलात का?" मी विचारलं.

"छे! आत्ताच आलो!" सगळ्या एका सुरात.

तेवढ्यात आतल्या खोलीतून यजमानीणबाईंची मुलगी ओरडली, "मम्मी, दॅट सिंगापूर लेडी स्टिल नॉट हिअर, ला! यू सेड सिंगापूर पीपल ऑल्वेज ऑन टाइम!"

ऑफिसात ग्रेसनं विचारलं, "काय, रबर ताणलं का त्यांनी?"

"ताणलं," मी म्हटलं. कुणी, ते तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

*

आमच्या प्रश्नावलीत एक आजोबा होते. 'मला माणसांत राहायला आवडतं' याला त्यांनी 'सहमत' म्हटलं. 'मला एकटं राहायला आवडतं', सहमत. 'मी कधीच चिडत नाही', सहमत. 'मी लवकर चिडतो', सहमत! मी गोंधळून त्यांना फोन केला.

आजोबा म्हणाले, "बेटा, एवढे कष्ट घेऊन तू प्रश्न लिहिलेस. नाही कसं म्हणणार?"

मग तुलनेसाठी तीच प्रश्नावली मी निखिलला भरायला दिली. त्यानं एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. तीन ठिकाणी माझं व्याकरण सुधारलं आणि शेवटी लिहिलं, 'प्रश्न नीट विचारायला शिका.'

*

ताटातला शेवटचा तुकडा कोण उचलतं, हा संकोचाच्या अभ्यासातला फार गोड प्रयोग. एका खोलीत इंडोनेशियन विद्यार्थी बसवले. मध्ये तळलेल्या केळ्यांची बशी. खोलीच्या एका भिंतीला काच, आम्ही काचेच्या पलीकडे. त्यांना आम्ही दिसत नाही, आम्हाला ते दिसतात.

बशीत एक केळं उरलं. कुणी बघेना. सगळे बशीच्या अवतीभवती हात नाचवून बोलत होते, पण केळ्याला बोट लागत नव्हतं. मी भारावून टिपणं काढत होते. वेळ संपली, मुलं उठून गेली. केळं तिथेच!

मी खोली आवरायला गेले. केळं अजून कोमट होतं. मी ते उभ्याउभ्या खाल्लं, बोटं चाटली, बशीतला चुराही गोळा केला.

बाहेर आले तर काचेमागे ग्रेस आणि आमचा क्लायंट. क्लायंट अगदी उत्सुकतेनं विचारत होता, "आणि या कुठल्या गटातल्या?"

*

आता हा शेवटचा.

त्या वर्षी आमचा विषय होता, वाईट बातमी समोरच्याला न दुखावता कशी सांगतात. रत्नाताईंचा हातखंडा विषय. नेमकं तेव्हाच माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. निखिलची कंपनी बंद पडली होती, त्यामुळे तो, मी आणि आमची लेक सई, तिघंही माझ्या नोकरीच्या पासवर सिंगापुरात होतो. मी रोज ग्रेसच्या चेहऱ्याकडे बघायची. चेहऱ्यावर काही नाही. घरी निखिल रोज लॅपटॉपवर पुण्याची विमानं बघायचा.

एक दिवस रत्नाताई म्हणाल्या, "चला, आज जेवायला मी नेते."

हॉकर सेंटरमध्ये बसलो. त्यांनी माझ्यासाठी पंख्याखालची जागा धरली. मग म्हणाल्या, "पुण्याची हवा छान असेल ना?"

"हो, पण हल्ली धूळ फार."

"तुमच्या आई तिथे एकट्याच?"

"हो ना."

"त्यांना नात जवळ हवीशी वाटत असेल." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "मृणाल, तुम्ही फार हुशार. तुमच्यासारखीला कुठेही मान मिळेल." आणि पर्समधून एक सुरेख बाटिकची ओढणी काढून माझ्या खांद्यावर घातली. "ही ठेवा. आमची आठवण येईल."

माझे डोळे भरून आले. एवढी माया, एवढं कौतुक, वर भेट! मी जिन्यातूनच निखिलला फोन लावला. "झालं रे! राहतोय आपण!"

पलीकडे त्यानं नाक ओढलं. मग म्हणाला, "सईला सांगू?"

दुसऱ्या दिवशी लिटल इंडियातून पेढे घेऊन ऑफिसात गेले. सगळ्यांना वाटले. ग्रेसला दोन दिले.

"हे कशाबद्दल?"

"कॉन्ट्रॅक्टबद्दल! थँक यू, ग्रेस! निखिल काल फोनवर रडलाच!"

ग्रेसनं रत्नाताईंकडे बघितलं. रत्नाताई पेढ्याकडे बघत होत्या. ग्रेसनं पेढा तोंडात टाकला, चघळत राहिली. मग रत्नाताईंना केबिनमध्ये बोलावलं. काचेतून दिसत होतं, ग्रेसचे हात वर-खाली होत होते आणि रत्नाताई मान डोलावून हसत होत्या.

आठवड्याभरानं ग्रेसनं माझ्यापुढे नवं कॉन्ट्रॅक्ट आपटलं. "साइन कर."

मी सही केली. कागद ड्रॉवरमध्ये टाकून तिनं कुलूप लावलं आणि मग तिला काही राहवेना. "आय्या, मृणाल! त्या दिवशी रत्ना तुला नोकरी संपली म्हणून सांगायला आली होती, ला! तू दुखावू नयेस म्हणून मी पाठवली होती तिला. आणि तू पेढे आणलेस! अख्ख्या ऑफिसनं खाल्ले! तुझा नवरा रडला! मग मी काय करणार, ला?"

मी उठले. तशीच रत्नाताईंच्या टेबलाशी गेले. खांद्यावर त्यांचीच ओढणी.

"रत्नाताई, खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही मला नोकरीवरून काढलं होतंत?"

रत्नाताईंनी मला आधी खुर्ची दिली. पाणी दिलं. माझ्या ओढणीचं टोक नीट केलं. मग अतिशय गोड हसून म्हणाल्या,

"अजून नाही."