आपटे सरांची कुजबुज

तळेगावच्या शाळेत आपटे सर मराठी शिकवायला उभे राहिले की मैदानापलीकडच्या वर्गातली मुलंसुद्धा कान टवकारायची, असा त्यांचा खणखणीत आवाज. त्याच घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असतानाच नोकरी सोडावी लागली. बायको पूर्वीच वारलेली, लेक तेजल बंगळुरूला. भेटायला येणारे त्यांच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलत, नाहीतर त्यांचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकत. आणि ते बहुधा चुकीचंच पुरं होई. सरांनी कट्ट्यावर जाणं सोडलं. तेजलच्या फोनला ‘बरा आहे’ एवढा मेसेज धाडू लागले. घरात दिवसभर पंख्याचा आवाज तेवढा असे.

जानेवारीत एका सकाळी ते स्कूटर काढून कामशेतवरून वडिवळ्याच्या धरणाकडे गेले. पक्षी बघायला नव्हे. तिथं कुणी ‘कसं वाटतंय आता?’ विचारणार नाही म्हणून. पाण्याच्या कडेला दगडावर बसून राहिले. थोड्या वेळानं एक धोबी पक्षी शेपटी हलवत त्यांच्या चपलेपाशी आला, चिखलात टोचलं, वर बघितलं आणि आपल्या कामाला लागला. सरांनी श्वास रोखून धरला. या धरणावर त्यांनी मुलांच्या किती सहली आणल्या होत्या! पण सगळा वेळ स्वतःच बोलत असल्यामुळे एकही पाखरू इतक्या जवळ आलं नव्हतं.

मग ते रोजच जाऊ लागले. दुर्बीण घेतली, चित्रांचं पुस्तक घेतलं. पहाटे उठायला कारण मिळालं. तरी परतल्यावर कुलूप उघडलं की पुन्हा तोच पंख्याचा आवाज. बघितलेलं सांगायचं कुणाला?

तिथं धरणाजवळच्या गावातली सरूबाई शेळ्या घेऊन यायची. एकदा तिनं हाक मारली, “कुनाकडचं पावनं म्हनायचं तुमी?”

सरांनी घशाकडे बोट केलं.

“बोलता येत न्हाई व्हय? असू द्या. माज्या शेळ्या बी कुटं बोलत्यात?” म्हणत ती खुशाल शेजारी टेकली.

चार दिवसांनी तिनं उथळ पाण्यातल्या एका पक्ष्याकडे हात केला. लांब काड्यांसारखे गुलाबी पाय, काळे पंख. “ह्याला काय म्हनत्यात वो?”

सर कुजबुजले. तिला ऐकू गेलं नाही. आता ही मान हलवून विषय बदलणार, असं त्यांना वाटलं. पण ती सरकली, पदर मागे सारून तिनं कान त्यांच्या तोंडाशी आणला. “हां, आता म्हना.”

“शेकाट्या.”

“शेकाट्या!” ती खळखळून हसली. “पाय बगा की मेल्याचं!”

सरही हसले. आवाज न होता, खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

त्या संध्याकाळी त्यांनी तेजलला स्वतः फोन लावला. “बाबा? काय झालं? नीट ऐकू येत नाहीये.”

पूर्वी त्यांनी तिथंच फोन ठेवला असता. “मग जरा कान देऊन ऐक,” ते म्हणाले.

पलीकडे टीव्ही बंद झाला. मग सरांनी तिला शेकाट्याची चाल सांगितली, शेळ्या सांगितल्या, घसा दुखेपर्यंत सांगितलं. तिनं त्यांचं एकही वाक्य स्वतः पुरं केलं नाही.

एप्रिलात सरूबाई आंबीला लेकीकडे गेली. पाणी ओसरलं, थंडीतली पाखरंही निघून गेली. सर अजून जातात. बरेचदा काठावर ते एकटेच असतात, आणि घरी गेल्यावरही एकटेच. पण उजाडलं की स्कूटरला किक मारतात.