सोत्याचं शून्य

अर्जेंटिनात, रोसारिओतल्या एका वस्तीच्या क्लबात पत्त्यांचा जादूगार म्हटला की बेलिसारिओ बसान. निदान फाउस्तो येईपर्यंत तरी. बेलिसारिओ धंद्याने खाटीक. बोटं जाडजूड, त्यामुळे हातचलाखी त्याच्या नशिबी नव्हती. त्याचे सगळे खेळ हिशेबाचे. "बोटं दगा देतात, आकडे नाही," असं तो ज्याला त्याला ऐकवायचा.

हुकमी खेळ एकच. चाळीस स्पॅनिश पत्ते, ज्यांत बदामांऐवजी पेले आणि राणीऐवजी घोडा असतो, पिसून घ्यायचे, तळचा पत्ता हळूच बघून ठेवायचा, जोड बायकोच्या, देल्मिराच्या हातात द्यायचा आणि पाठ फिरवून उभं राहायचं. ती वरचा पत्ता उघडून ठेवायची आणि त्याच्या आकड्यापुढे बारापर्यंत मोजत एकेक पत्ता त्यावर टाकायची. अशा तीन गड्ड्या. मग तिन्ही तळच्या पत्त्यांची बेरीज करून हातातले तेवढे पत्ते बाजूला काढले, की शेवटी एकच उरायचा. पाठमोरा बेलिसारिओ त्याचं नाव सांगायचा. लग्नाच्या नव्या नवलाईत देल्मिरा "आई गं!" म्हणून किंचाळायची. हल्ली नुसती हसायची आणि ताटं उचलायला लागायची.

चपलांचा दुकानदार फाउस्तो वस्तीत राहायला आला आणि एका रविवारी, निखाऱ्यावरचं मांस खाऊन मंडळी सुस्तावली असताना, त्याने हाच खेळ केला. अगदी हाच! पण देल्मिरासमोर टेबलावर कोपरं टेकून, तिच्याशी गप्पा मारत. शेवटचा पत्ता उघडला आणि देल्मिरा किंचाळली, "आई गं!"

बेलिसारिओच्या अंगाचा तिळपापड झाला. तो "आई गं" त्याचा होता. आठवडाभर दुकानात तो हाडांवर असा सुरा चालवत होता, की गिऱ्हाइकं दोन पावलं मागे उभी राहायची.

पुढच्या रविवारी फाउस्तोने जोड काढला तसा तो पुढे झाला. "आण इकडे. आज मी मोजतो."

"या की, गुरू!" फाउस्तो म्हणाला. पिसलेल्या जोडाच्या तळाकडे चोरटी नजर टाकून त्याने आधीच जाहीर केलं, "शेवटी पेल्यांची तिर्री उरणार."

पहिलाच पत्ता उघडला तो सोता, म्हणजे गुलाम. वर दहाचा आकडा छापलेला.

"दहा," फाउस्तो म्हणाला. "आता अकरा, बारा."

"कसले दहा? ट्रूकोत सोता मोजताना काय धरतात?"

"शून्य!" सगळं टेबल ओरडलं. ट्रूको हा पत्त्यांचा डाव तिथे पोरं चालायच्या आधी शिकतात.

"मग शून्य. एक, दोन, तीन..." बेलिसारिओने सावकाश बारा पत्ते त्यावर टाकले. फाउस्तोच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. बेलिसारिओला आतून गुदगुल्या होत होत्या. आता पडतोस तोंडघशी, बेट्या!

उरलेल्या दोन गड्ड्या झाल्या. बेरजेतही त्याने सोता शून्यच धरला. पत्ते बाजूला काढले. एक उरला. त्याने तो आपटला.

पेल्यांची तिर्री.

क्लब दणाणला. सगळ्यांत मोठा आ फाउस्तोनेच वासला होता, पण तो पटकन सावरला. "बघितलंत? शून्य धरा नाहीतर दहा, आपला पत्ता हलत नाही!" लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

घरी जाताना बेलिसारिओ कोपऱ्यापर्यंत बोटांवर बेरजा करत होता. मग न राहवून म्हणाला, "शून्य धरून कसं जमलं गं?"

"नेहमीच जमतं," देल्मिरा म्हणाली. "गड्डीत जेवढे जास्त पडतात, तेवढेच बेरजेत कमी होतात. मी सोता शून्यच धरते. घोडा आणि राजासुद्धा. बाबांनी ट्रूको शिकवला तेव्हापासूनची खोड."

"माझ्या खेळात? इतकी वर्षं?"

"हो की."

"आणि मला पत्ताच नाही?"

"तुला कुठून दिसणार, म्हाताऱ्या? तू पाठ करून उभा असायचास."

चार पावलं चालल्यावर त्याने विचारलंच, "आणि त्याच्या वेळी किंचाळलीस कशाला?"

"खेळ मला पाठच होता रे," ती म्हणाली. "पण तो शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत होता. एवढ्या आशेनं बघणाऱ्याला काय नुसतं हसून दाखवू?"