टोपी लहान झाली नव्हती

काल मीनं मेलेल्या माणसाच्या तोंडात हात घातला.

माणूस आमचाच होता. आबा. माह्या बापाचा बाप.

काहून घातला ते सांगतो. पण आधी टोपीचं सांगा लागते.

आबाची टोपी घट्ट होऊन राह्यली होती.
नवी आणली का थोडे दिवस बरी. मंग कपाळावर वळ.
वरच्या दाताची कवळी पण तशीच. शेलूबाजारच्या दातवाल्याकडून पुन्हा पुन्हा करून आणली. बसते, बसते, आन एक दिवस टोचाले लागते.

घरात एकच निकाल. गज्यानं केलं.

गज्या म्हणजे मी.

खोटं कायले बोलू, एक डाव केलं होतं. आबाच्या टोपीच्या जागी काकाच्या पोराची शाळेतली टोपी ठेवली. आबा आरशासमोर ओढून राह्यला, आमी दाराआड तोंड दाबून राह्यलो.
कवळी पण एकदा साखरेच्या डब्यात ठेवली होती.

त्याच्यानंतर हात नाई लावला. आईची शपथ.
पण माह्यावर इश्वास कोण ठेवते.

"बे गज्या, माही टोपी देतं का काठी घेऊ?"
"आबा, तुह्या डोक्यावरच हाय ना."
"हे माही नोय. हे लहान हाय."

काठी बसे.

शेवटी भाकर दुधात कुस्करून खायची पाळी आली. तवा मी, बाबा आन काका त्याले वाशिमले दाताच्या डॉक्टरबाईकडं घेऊन गेलो.

बाईनं तोंडात टॉर्च मारला. हिरड्या दाबून पाह्यल्या. मंग भलतंच विचारलं.

"आजोबा, टोपी घट्ट होते का हो?"

काकानं माह्याकडं पाह्यलं.
मी म्हटलं, "मॅडम, मीनं नाई केलं."

बाई हसली नाई. म्हणे, "यांचा तरुणपणीचा फोटो आहे घरी?"

होता. लग्नातला. इंग्रज अजून गेले नव्हते तवाचा. दुसऱ्या खेपेले नेला.
फोटोतल्या आबाचं तोंड निमुळतं, गाल बसलेले.
खुर्चीतल्या आबाचा वरचा जबडा नाकाच्या दोन्हीकडून फुगलेला.
आमी रोज पाह्यत होतो, म्हणून कोणालेच दिसलं नाई.

एक्स-रे काढला. रक्त तपासाले अकोल्याले गेलं.
बाईनं एक्स-रे लाईटवर लावला. जबड्यात, कवटीत, जिकडं तिकडं पांढरे पुंजके.

आबा पुढं वाकला.
"हा तं कापूस हाय. येचाले कोण येते?"

बाई म्हणे, "आजोबा, डॉक्टर लोकही याला कापूसच म्हणतात."
मंग तिनं समजावून सांगितलं. जुनं हाड झिजते, नवं घाईघाईत कसंही भरते. डोकं वाढते, जबडा वाढते, कधी कान पण जाते.
"टोपी लहान झाली नाही. कवळीतही चूक नव्हती. हाड वाढत होतं."

बिमारीचं नाव इंग्रजी हाय. मले लिहिता येत नाई.

येताना आबा जीपमधी टोपी काढून हातात फिरवत बसला.
उतरताना माह्या खांद्यावर हात ठेवला.
"लेका, तुले फुकटच बदडलं."
मी म्हटलं, "सवय हाय."
"एक खोडी तुह्या नावानं जमा. केव्हाही कर. काठी नाई उचलणार."

मंग सलाईनमधून औषध झालं. हाड शांत झालं. बाईनं नवं माप घेतलं.

काल कवळी तयार होती. सकाळी गाडी काढली तं आबा ओट्यावरून ओरडला,
"येताना फुटाणे आन बे. पहिले फुटाणेच चावतो."

वापस आलो तं दारात चपलाच चपला.

एका खिशात कवळी. एका खिशात फुटाणे.

आई म्हणे, "चहा मांगला आन बसल्या बसल्या मान टाकली."

मले काईच समजलं नाई. मी म्हटलं, "पण कवळी आणली ना."
दोनदा म्हटलं.

काकानं जुनी कवळी काढून कोनाड्यात ठेवली होती. आमच्याकडं चष्मा, अंगठी, दात, असं वरून लावलेलं काई मसणात जाऊ देत नाई. तोंड पार आत गेलेलं. मले तो आबा वाटूनच नाई राह्यला.

मी नवी कवळी दाखवली.
काका म्हणे, "आता कायले? ठेव तिकडं."

मंग एकेक जण तोंडात पाणी घालाले गेला. माहा नंबर आला.
माह्या हातात तुळशीचं पान होतं.
पानाच्या खाली कवळी होती.

अंगठ्यानं दाबली.

बसली.

कुठं अडली नाई. कुठं टोचली नसन. एवढ्या वर्सात पहिल्यांदा बरोबर बसली, आन ज्याची त्याले माहीत नाई.

ओठ भरून आले. काकू मागून म्हणे, "पाहा, कसा शांत दिसून राह्यला."

आबा, जमा होती ते खोडी केली. तू काठी नाई उचलली.
मी वाट पाह्यली, तरी.

आता घोर एकच हाय. तुटू नाई म्हणून बाईनं त्या कवळीत बारीक जाळी टाकली होती. लोखंडासारखी. ते जळत नाई.
उद्या राख सावडणं हाय. मी सगळ्यांच्या आधी खाली बसन.

जाय आबा, सांभाळून जाय. चावून खाय. फुटाणे अजून खिशातच हायत, मले खाल्ले नाई जात.

आन तुमी सगळे. काका फेसबुकवर नाई, त्याच्या पोराले मीनं सकाळीच ब्लॉक केलं. हे शेअर करू नका. आमच्या आसेगावात कोणाले बोलू नका. हात जोडतो, पाया पडतो, उद्या दुपारपर्यंत तरी कोणाले सांगू नका.